साफ पाइप कसा तुंबला

"बूट बाहेरच राहू देत," दारातली बाई म्हणाली. "ते जिथे जाऊन आलेत, ते घरात आणण्यासारखं नाही."

मास्तरांनी दार पूर्ण उघडलं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढून बाई मोज्यांनिशी आत आली आणि समोर खुर्ची दिसत असूनही उभीच राहिली. चाळिशीची असावी. हात कष्टाचे, नजर सरळ, डोळे मात्र जागरणाने चुरचुरत असावेत, कारण ती सारखी पापण्या मिटत होती.

मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांची थोरली बहीण खाजगी तपासाची कामं करायची आणि सगळे तिला ताईच म्हणायचे. ताईची बुद्धी वस्तऱ्यासारखी होती. मास्तरांची, तिच्याच शब्दांत, बैलगाडीसारखी: पोचते उशिरा, पण वाटेतलं सगळं पाहून येते. हे ऐकून मास्तरांना राग यायचा तो साधारण दुसऱ्या दिवशी.

"बसा आधी," ताई म्हणाली. "काय चोरीला गेलं?"

"माझा शब्द," बाई म्हणाली आणि बसली.

तिला लोक अस्तरबाई म्हणत. घराचं सांडपाणी जमिनीखालच्या ज्या पाइपातून रस्त्याकडे जातं, तो फुटला की अंगण खणावं लागतं. ही बाई खणत नसे. रसायनात भिजवलेली कापडी नळी ती जुन्या पाइपाच्या आत सरकवायची, हवेने फुगवायची, वाफेने कडक करायची. जुन्या पाइपाच्या पोटात नवा पाइप. कोटाला आतून अस्तर लावावं तसं.

"माझे यजमान खोदकाम करायचे," ती म्हणाली. "खड्ड्याची भिंत अंगावर आली. तेव्हाच ठरवलं, माझ्या कामावर माणूस खड्ड्यात उतरणार नाही. आजवर उतरला नाही. आणि परवा माझ्याच कामामुळे एक म्हातारी घसरून पडली, असं लोक म्हणतायत."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मला माहीत नाही, म्हणून आले. अस्तर खोटं असेल तर तसं मला तोंडावर सांगा. मी धंदा बंद करीन. पण खरं कळल्याशिवाय नाही."

ताईने खुर्ची पुढे ओढली. "पहिल्यापासून सांगा."

माई नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वृद्ध बाईंचं घर होतं. अंगणात तुतीचं मोठं झाड. तुतीची मुळं पाइपात शिरली होती. अस्तरबाईने मुळं कापली, अस्तर घातलं, कॅमेरा फिरवून माईंना पडद्यावर दाखवलं. काम उत्तम. तिसऱ्या दिवशी माईंच्या न्हाणीघरात मैलापाणी वर आलं, माई त्यात घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला.

"लगेच कॅमेरा घातला," अस्तरबाई म्हणाली. "पाइप साफ! तडा नाही, मूळ नाही, चिंधीसुद्धा नाही. साफ पाइप तुंबतो कसा, ताई?"

"जमिनीखाली काय कशाच्या पुढे आहे, ते सांगा."

"उताराने सांगते. आधी घर. मग तुती. तुतीच्या पुढे अंगणातलं चेंबर, लोखंडी झाकणाचं. त्याच्या पुढे मागच्या खोलीतल्या भाडेकरूचा फाटा येऊन मिळतो. मग रस्ता."

"भाडेकरूची खोली माईंच्या खोलीपेक्षा उंच की सखल?"

"बरीच सखल."

"कॅमेरा कुणी घातला?"

"भाऊजींनी. माझे दीर. कॅमेरा त्यांच्याच हातात असतो. मी दुसऱ्या कामावर होते. मी पोचले तेव्हा कॅमेरा आत फिरत होता. भाऊजी म्हणाले, ते आले तेव्हा पाणी आधीच उतरून गेलं होतं."

"काही सामान मागे राहिलं होतं का तिथे? एखादं अवजार?"

"शक्य नाही. सामान मी स्वतः गाडीत चढवते. यजमान गेल्यापासूनची सवय. माझ्या कामावर खिळासुद्धा मागे राहत नाही."

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. पडद्यावर फिकट पिवळा बोगदा सरकू लागला आणि कुठे काय येतं ते अस्तरबाई सांगत गेली. मास्तर सवयीने पेन्सिल घेऊन बसले.

"काय दिसलं?" चित्रण संपल्यावर ताईने विचारलं.

"घराकडचा भाग छतापर्यंत मळलेला आहे," मास्तर म्हणाले. "तुतीखाली एक स्वच्छ पट्टा येतो, बांगडीसारखा, पाइपाला सगळीकडून. त्याच्या पुढे फक्त तळाला ओल."

"तो पट्टा मीही पाहिला," अस्तरबाई म्हणाली. "पण तडा नाही ना, एवढंच शोधत होते."

"आपण भीती शोधतो तेव्हा बाकीचं दिसत नाही," ताई म्हणाली. "मास्तर, ती बांगडी नीट काढून ठेव. चला, माईंच्या घरी."

*

दार सुनेने उघडलं. घरभर जंतुनाशकाचा वास होता आणि माईंच्या खोलीतली गादी उन्हात घातली होती.

"सकाळी सगळं ठीक होतं," ती सांगू लागली. "ते कॅमेरावाले भाऊ विसरलेली नळी न्यायला आले, तेव्हा मी चहासुद्धा विचारला. थांबले नाहीत, अंगणातूनच गेले. मग मी कपड्यांचं मशीन लावलं, आमच्या वरच्या मजल्यावरच्या आंघोळी झाल्या. तेवढ्यात खालून माईंची हाक आली. खाली येते तो..." तिने ओठ दाबून धरले. "पाणी घोट्यापर्यंत. आणि त्या त्यात पडलेल्या."

"मग?"

"हे त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. मी अस्तरबाईंच्या पाटीवरच्या नंबरला फोन केला आणि बादल्या भरत बसले. उपसून उपसून हात मोडले, पण पाणी जागचं हलेना. मग भाऊ आले. म्हणाले, वहिनी, तुम्ही वर जा, कपडे बदला, मी बघतो. देवमाणूस हो! मी खाली आले तर पाणी उतरलेलं, आणि ते तेव्हा कुठे गाडीतून कॅमेरा उतरवत होते."

माईंचा मुलगा दवाखान्यातून नुकताच परतला होता. तो जिन्यावरच बसला.

"मी घसा फोडून सांगत होतो," तो म्हणाला, "तुती पाडा आणि अंगण खणून नवा पाइप घाला. पण आईला झाड मुलापेक्षा लाडकं."

"तुम्हाला झाड कशाला नको?"

"गाडी कुठे लावू? डोक्यावर? नगरपालिकेत अर्ज केला, तो नाकारला. मुळांनी घराचं नुकसान होतंय असं सिद्ध झालं तरच परवानगी."

"आणि अस्तर घातल्यावर मुळं आत शिरणारच नव्हती. म्हणजे तुमचं कारणच संपलं."

मुलाने मान वर केली. त्याला त्या बोलण्यातला प्रश्न कळला आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, ती माझी आई आहे. मी तिच्याशी भांडतो. तिला पाडत नाही."

मास्तरांनी मनात त्याच्या नावापुढे मोठी फुली मारली. नंतर त्यांना वाटलं, ती फुली खोडावी. मग वाटलं, राहू द्यावी.

मागच्या खोलीतला भाडेकरू बेकरीत रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. तो डोळे चोळत बाहेर आला. केसांत पिठाची पांढरी रेघ तशीच होती.

"माझ्या मोरीत थेंब नाही," तो म्हणाला. "वर एवढं रामायण घडलं ते मला संध्याकाळी कळलं. पण झोपेचं खोबरं झालं ते झालंच."

"कशाने?"

"आधी फाटकाशी गाडी थांबली. मग अंगणात लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. दात शिवशिवतात ना, तसला. मी उशीखाली डोकं घातलं. आणि मग पलंगाखालून आगगाडी गेली."

"आगगाडी?"

"पाण्याची हो. धडधडत. मला वाटलं खोली वाहून जाते."

ताईने अंगणात जाऊन चेंबरचं झाकण पाहिलं. ते उचलायला आकडा लागतो, बोटांचं काम नाही, हे मास्तरांना प्रयत्न करून कळलं. तिने काठाला बोट लावलं. जुना गंज होता, त्यात एका बाजूला ताज्या लोखंडाची चकाकी.

"अस्तरबाई, काम झाल्यावर हे झाकण तुम्ही कसं बंद केलं होतं?"

"कडेला ग्रीस लावून. वास येऊ नये म्हणून."

"ग्रीस फुटलंय," ताई म्हणाली.

*

माईंच्या मुलाला ज्याच्याकडून अंगण खणून घ्यायचं होतं, त्या खोदकामवाल्याला गावात भोंगा म्हणत आणि त्याने ते नाव सार्थ केलं होतं. तो आपल्या आवारात यंत्राच्या सावलीत बसला होता. शेजारी एक नवी पाटी अर्धी रंगवून भिंतीला टेकवलेली: 'खोदकाम व कॅमेऱ्याने पाइप तपासणी'.

"मुळं जिंकतात, बाई!" तो गरजला. "जमिनीखालचा आजार जमीन उघडूनच बरा होतो. कापडाच्या नळ्या घालून कुठे पाइप होतात? मी माईंच्या मुलाला तेच सांगत होतो. परवाही दवाखान्यात जाऊन सांगितलं."

"कधी गेलात दवाखान्यात?"

"त्याचा फोन आला तसा. त्यांना घेऊन तो पोचला तेव्हा मी दारातच उभा होतो. माणुसकी आहे की नाही? विचारा त्याला."

"आणि कॅमेरा घेतलात वाटतं?" ताईने पाटीकडे पाहिलं.

"घेऊ की! आधी माणूस, मग यंत्र." एवढं बोलून भोंगा एकाएकी मंद झाला. "म्हणजे, मिळेल कोणीतरी."

परतताना मास्तर म्हणाले, "हाच. चोराच्या मनात चांदणं."

"चांदणं आहे," ताई म्हणाली, "पण पाणी उतरलं तेव्हा हा दवाखान्यात होता, माईंच्या मुलाजवळ. दोघांनाही एकमेकांची साक्ष आहे. जरा घाई कमी कर. तुला ती शोभत नाही."

शेवटचा थांबा अस्तरबाईंची कार्यशाळा. दीर कॅमेऱ्याची केबल पुसून गुंडाळत होता. हळू बोलणारा, व्यवस्थित माणूस. दादाच्या वेळी खोदकामाच्या सगळ्या टोळीचा मुकादम होता, हे त्याने स्वतःच सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा चढला. "तीस माणसं माझ्या शब्दावर खाली उतरायची. आता एक पडदा आणि मी."

भिंतीवर रबरी फुगे टांगले होते. लहान, मोठे, प्रत्येकाला हवेची लांब बारीक नळी.

"हे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"काम चालू असताना वरचं पाणी अडवायला," अस्तरबाई म्हणाली. "चेंबरमधून सळीने आत सरकवायचा, हवा भरायची, की पाइपाला बूच. हवा सोडली की मोकळं. काम झालं की मी धुऊन, पावडर लावून टांगते, रबर चिकटू नये म्हणून."

मास्तरांनी एकेका फुग्याला बोट लावलं. बोट पांढरं होत गेलं. मधल्या एका फुग्यापाशी मात्र ते कोरंच राहिलं. मास्तरांनी बोटाकडे पाहिलं, मग ताईकडे. ताई खिडकीबाहेर पाहत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने सगळ्यांना माईंच्या पडवीत बोलावलं. मुलगा आणि सून पायरीवर, बेकरीवाला जांभया देत खांबाला टेकलेला, भोंगा उन्हात, अस्तरबाई आणि तिचा दीर बाकावर. मास्तरांनी आपली वही ताईच्या हातात दिली.

"सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला," ताई म्हणाली. "अस्तर टिकलं की फसलं? मी तो बाजूला ठेवला. पाणी कुठे अडलं, एवढंच आधी पाहिलं. रस्त्यावर अडलं असतं तर आधी या बेकरीवाल्यांची मोरी भरली असती. त्यांची खोली सर्वांत खाली. ती कोरडी. म्हणजे अडथळा त्यांच्या फाट्याच्या वर आणि माईंच्या खोलीच्या खाली होता."

"तुतीखाली," भोंगा म्हणाला. "मुळं!"

"तुतीखालीच. पण मुळं नव्हेत." तिने वही उघडून धरली. "घराकडचा पाइप छतापर्यंत मळलेला, कारण पाणी तिथे साचून राहिलं. पुढचा भाग फक्त तळाला ओला. आणि दोन्हींच्या मधे ही बांगडी, पाइपाला चहूकडून. मुळं, चिंध्या, कचरा, यांचा अडथळा वेडावाकडा असतो. इतक्या नीट गोलाईने पाइपाला चिकटून बसणारी आणि नंतर मागमूस न ठेवता निघून जाणारी वस्तू एकच. हवा भरलेला फुगा."

अस्तरबाई ताठ झाली. मास्तरांना आपलं कोरं बोट आठवलं आणि आपली बैलगाडी या वेळी जवळजवळ वेळेवर पोचली होती, असंही वाटून गेलं.

"फुगा चेंबरमधून घालतात. चेंबरचं ग्रीस फुटलंय, कडेला आकडा घासलाय. आता तो काढला कधी? सूनबाई बादल्या भरत होत्या तेव्हा पाणी हलत नव्हतं. म्हणजे फुगा तेव्हा आत होता. त्या कपडे बदलून आल्या तेव्हा पाणी गेलेलं. मधल्या वेळात या बेकरीवाल्यांनी काय ऐकलं? आधी गाडी. मग लोखंडाचा आवाज. मग आगगाडी. झाकण उघडलं, हवा सोडली, साचलेलं सगळं पाणी एकदम सुटलं."

सुनेचा हात तोंडावर गेला. ती बाकाकडे पाहू लागली.

"सूनबाईंचे पती आणि हे खोदकामवाले तेव्हा दवाखान्यात होते. बेकरीवाले म्हणाल, तर त्यांनी हे केलं असतं तर त्या आवाजांबद्दल ते चकार शब्द बोलले नसते. आणि सूनबाईंकडे ना आकडा, ना फुगा. राहिला एक माणूस. त्याने आपल्या वहिनीला सांगितलं, मी आलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं. सूनबाई सांगतात, पाणी होतं आणि त्यानेच मला वर पाठवलं. त्या सकाळी तो विसरलेली नळी न्यायला आला होता. पण अस्तरबाईंच्या कामावर खिळासुद्धा मागे राहत नाही. मग तो न्यायला आला नव्हता, ठेवायला आला होता. त्या फुग्याला पावडर लावायची मात्र राहून गेली. धुतला त्याने, पण पावडर लावायचं काम वहिनीचं."

"साफ पाइप तुंबला," ताई थांबून म्हणाली, "कारण अडथळा शोधायला जो आला, तोच अडथळा काढून खिशात घालून गेला."

मग अस्तरबाई अगदी हळू म्हणाली, "भाऊजी?"

दीर जमिनीकडे पाहत होता. "थोडं पाणी येईल वाटलं होतं," तो म्हणाला. "बोंब होईल, अस्तर बदनाम होईल, तू कंटाळून सोडशील. मग हे आणि मी..." त्याने भोंग्याकडे मान केली. "कंपनीत माझं नाव लागणार होतं."

"मला फुग्याचं काही माहीत नव्हतं!" भोंगा ओरडला. "मी माणूस मागितला होता, हे नव्हतं मागितलं!"

"खरं असेल," ताई म्हणाली. "पण ते आता पोलिसांना सांगा."

"म्हातारी पडेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, वहिनी," दीर म्हणाला. "शपथ घेतो."

"शपथ नको." अस्तरबाई उठली. तिचा आवाज कापत होता, पण पाय नाही. "तुमचे दादा ज्या खड्ड्यात गेले, तिथे पुन्हा तीस माणसं उतरवायची होती तुम्हाला. कशासाठी? कोणी हाकेसरशी ओ द्यावी म्हणून? एकदा बोलला असता माझ्याशी. मी भांडले असते, पण ऐकलं असतं."

दीर बाकावर आणखी मागे सरकला.

"उठा," ती म्हणाली. "आधी माईंकडे. त्यांना तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. मग ठाण्यावर. मी दोन्हीकडे सोबत येते, पण बोलायचं तुम्ही."

गाडी अस्तरबाईनेच चालवली; माईंचा मुलगा आणि सून आपल्या गाडीने मागोमाग आले. मागच्या सीटवर मास्तर ताईच्या शेजारी बसले होते आणि समोरच्या दोन मानांकडे पाहत होते. एक ताठ, दुसरी खाली. चित्र काढायला मनाई असावी असं ते दृश्य होतं.

दवाखान्यात माई उशांवर पडून होत्या. चेहरा सुकलेला, पायाला वजन बांधलेलं. दोन वाक्यांतच अस्तरबाईने सांगितलं, की पाइप चांगला आहे, अस्तर चांगलं आहे, आणि हा माणूस तुम्हाला काही सांगायला आला आहे.

दीर कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला.

माईंनी त्याला नीट न्याहाळलं. मग हात वर करून औषध द्यायला आलेल्या नर्सला थांबवलं आणि सुनेकडे वळल्या.

"मला धरून बसती कर," त्या म्हणाल्या. "हे पडून ऐकणार नाही मी."

नर्स नको नको म्हणत राहिली. सुनेने आणि अस्तरबाईने दोन्ही बाजूंनी हात घातले, कॉटची कळ फिरवली, उशा रचल्या. माईंनी दुखणं दातांखाली दाबलं, पांघरूण सारखं केलं आणि त्या जमेल तेवढ्या ताठ बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता सांग."